गुरुवारचा खोकला

खोकला दाबायचा असेल तर श्वास रोखून चालत नाही. श्वास रोखला की तो जास्तच चवताळतो. जीभ टाळूला घट्ट लावायची, नाकाने अगदी थोडी थोडी हवा घ्यायची, आणि घशात खवखव उठली की थुंकी गिळायची, पुन्हा गिळायची. तोंडात लवंग असेल तर बरं. हे मला कुणी शिकवलं नाही. बीरगावच्या आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरायची, तिथे मी चौथीत असताना माझं मीच शिकले. अजूनही मला लग्नात, सभेत, बँकेच्या रांगेत एका जागी धड उभं राहता येत नाही. लोक म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी पायाला नाही, घशाला आहे, पण ते कुणाकुणाला समजावत बसणार?

आम्ही मूळचे अमरावतीकडचे मराठी ख्रिस्ती. बाबा रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते, आणि आम्ही तिला लागूनच बीरगावात राहायचो. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हाचा हा काळ. शहरात जुन्या कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढत होत्या, लाल दिव्यांच्या गाड्या धावत होत्या, आणि आमच्याकडे उरल्यात कारखान्यांच्या चिमण्या वाढत होत्या. बाबांना त्याचं भारी कौतुक. "राजधानी झाली, आता काम वाढते पाहा," ते म्हणायचे. आई म्हणायची, "हो तर. बंगले त्यांच्या वाटणीले, धूर आपल्या."

धूर म्हणजे नुसता धूर नव्हे. काळी, जड, चमचमणारी भुकटी. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं. वाळत घातलेला शाळेचा पांढरा शर्ट झटकूनच आत आणायचा. आई ब्लाउज शिवायची, तर गिऱ्हाइकाचं कापड ती जुन्या चादरीत गुंडाळून पेटीत ठेवायची. आणि एक गोष्ट तिने त्या घरात कधीच केली नाही. तिने भिंतीत खिळा ठोकला नाही. कॅलेंडर फळीवर उभं, आरसा खिडकीला टेकवलेला, आजी-आजोबांचा फोटो ट्रंकेवर. बाबा हातोडी घेऊन उभे राहिले की ती म्हणायची, "राहू द्या. आपल्याले कुठं इथं जलम काढाचा आहे?" बाबा हसून हातोडी ठेवून द्यायचे. माझ्या आईवडिलांचं मुख्य भांडण हे असं न ठोकलेल्या खिळ्याचं होतं.

बाबांना मात्र तिथेच राहायचं होतं, आणि त्याचं कारण गुरुवार. आमच्या बाहेरच्या खोलीत सुरुवातीला दोन घरं प्रार्थनेला यायची, मग वाढत वाढत खोली भरली. मिलमधले कामगार, त्यांच्या बायका, लेकरं. कुणी छत्तीसगडी, कुणी ओडिशाकडचे, दोनचार आमच्यासारखे विदर्भातले. चर्च होतं लांब शहरात, आणि शिफ्ट करून आलेल्या माणसाला तिथवर जाण्याचं त्राण नसायचं. ती सगळी आमच्या सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायची. बाबा ढोलक वाजवायचे. त्यांचा आवाज काही गोड नव्हता, पण मोठा होता, आणि गाताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की दिवसभर मिलमध्ये तारा ओढत बसणारा माणूस हाच का, असं वाटावं. मला ते तेव्हा फार आवडायचे. आताही आवडतात, पण तेव्हा त्यात काही मिसळलेलं नव्हतं.

मला दम लागायला लागला तो तिसरीच्या शेवटी. आधी खोकला, मग छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, मग जिना चढताना मध्येच बसणं. शहरातल्या डॉक्टरांनी पंप दिला, तो तोंडात धरून कसा ओढायचा ते दाखवलं, आणि जाता जाता बाबांना म्हणाले, "दवाई अपनी जगह है। हो सके तो जगह बदल दीजिए।"

 घरात शिरल्यावर चप्पल न काढताच आईने विचारलं, "ऐकलं ना? काय म्हणते डॉक्टर?"

"ऐकलं. प्रार्थना करून पाहू."

"तुम्ही प्रार्थना करा. मी खोली पाहते."

आणि तिने पाहिलीसुद्धा. अस्तर आणि हुक आणायला ती शहरातल्या तात्यापारा मोहल्ल्यात जायची, तिथेच एका दुकानाच्या वर दोन खोल्या रिकाम्या होत्या. घरमालकीण मराठी, त्यांचं घराणं नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं, त्यामुळे त्यांची मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत वळायची. त्या आईला म्हणाल्या, "वहिनी, मटण-मच्छी शिजवायचं नाही, बाकी तुमचा देव तुम्ही पाहा. दिवाळी तक रुकती हूँ। फिर किसी को भी दे दूँगी।" बाबांची नोकरी जाणार नव्हती. मिलची बस शहरातून निघायची. सोडायचं होतं ते फक्त बीरगाव. पण बीरगाव सोडणं म्हणजे गुरुवार सोडणं, आणि तिथे बाबांचं घोडं अडलं.

बाबांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते उगाच हट्टी वाटतील. मी जन्मायच्या आधी त्यांनी नागपुरातली चांगली नोकरी साहेबाशी भांडून एका दुपारी सोडली होती, आणि त्याचा पस्तावा त्यांना वर्षानुवर्षं होता. "तेव्हा मी रागानं निघालो. देवानं सांगतलं म्हणून नाही," ते म्हणायचे. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं की आता कुठूनही निघायचं तर त्याच्या सांगण्यावरून, आपल्या मनाने नाही. आपल्याला सोयीचं असेल ते आपल्याला नेहमी देवाच्या आवाजात ऐकू येतं, असं ते एकदा आईला म्हणाले होते. वाक्य खरं आहे. फक्त बाबांना जी सोय वाटत होती ती तात्यापाऱ्यात होती, आणि आईला वाटत होतं की त्यांची सोय इथेच आहे, ढोलकापाशी.

मग त्यांनी खूण मागायचं ठरवलं. एका गुरुवारी त्यांनी मला सतरंजीच्या मधोमध बसवलं, वाटीत आमचं रोजचं डोक्याला लावायचं खोबरेल तेल घेतलं, माझ्या कपाळाला लावलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना केली. एरवी ते सभेत हिंदीत प्रार्थना करायचे, पण मन भरून आलं की मराठीत वळायचे. "प्रभू, आम्ही इथं राहावं ही तुझी इच्छा असेल, तर ह्या लेकराचा दम बरा कर. हीच आमची खूण." खोली म्हणाली, आमेन. मीही म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, ती आमेन म्हणाली की नाही ते मला दिसलं नाही.

आणि मी बरी झाले! श्रावण होता. झड लागली होती, दिवसरात्र पाऊस, रस्त्यावरची धूळ चिखल होऊन बसली, हवा धुऊन निघाली. छातीतली शिट्टी थांबली. मी जिना पळत चढले. बाबा दारात उभे राहून बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. पुढच्याच गुरुवारी त्यांनी साक्ष दिली.

साक्ष म्हणजे काय, ते आमच्यातल्यांना सांगावं लागत नाही. देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. तिथल्या हिंदीत गवाही. एकदा दिली की दिली. ती मंडळीची होते. लोक ती घरोघरी नेतात, आजाऱ्याच्या उशाशी बसून सांगतात, तिच्या भरवशावर उपास करतात. साक्ष मागे घेतलेली मी तोवर ऐकली नव्हती. बाबांनी सांगितलं की डॉक्टरने जागा बदला म्हटलं होतं, पण देवाने जागा न बदलता मुलगी बरी केली, म्हणजे आम्ही इथेच राहावं हा त्याचा हुकूम आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने माझे दोन्ही हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावले.

तेव्हापासून मी बरी झालेली मुलगी झाले. मला पुढे बसवायचे. आजारी बाळ घेऊन आलेल्या बाया माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवायच्या. समोरच्या चाळीतली माझ्या वर्गातली मैत्रीण, जिची आई मिलच्या आवारात लोखंडावरून पडलेली खपली झाडायचं काम करायची आणि जी आईबरोबर दर गुरुवारी सभेला यायची, ती मला म्हणाली, "तेरे को तो भगवान ने छू लिया रे।" मला खरंच तसं वाटायला लागलं. शाळेत मी जरा तोऱ्यातच चालायची.

पाऊस संपला आणि भुकटी परत आली. ती काही साक्ष ऐकून गेली नव्हती.

पहिल्यांदा मी गुरुवारी खोकले तेव्हा सगळी खोली माझ्याकडे वळली. साधाच खोकला होता, पण बाबांचा हात ढोलकावरच थांबला. मी घाईघाईने म्हणाले, "पानी अटक गया था।" बाबा हसले, ढोलक पुन्हा सुरू झालं, आणि मला एकदम लख्ख कळलं की आता हे माझ्या अंगावर आहे. मी खोकले की बाबा खोटे. मी खोकले की देवाने सांगितलंच नव्हतं. लोकांनी जे जे घरोघरी नेलं होतं ते सगळं माझ्या घशातून परत यायचं. एवढ्याशा पोरीने एवढा मोठा विचार केला असेल का, असं कुणाला वाटेल. विचार नव्हता तो, भीती होती. मला रोज भीती वाटायची.

मग मी शिकले. जीभ टाळूला. लवंग गालात. गाणी चालू असताना खोकून घ्यायचं, ढोलकात ते बुडून जातं. बायबलमधलं वचन सांगताना आणि साक्षीच्या वेळी अगदी गप्प. आणि सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे सगळ्यांची एकत्र प्रार्थना. आमच्या सभेत शेवटी सगळे एकदम, आपापल्या भाषेत, मोठमोठ्याने प्रार्थना करायचे. हिंदी, छत्तीसगडी, मराठी, सगळं एकात एक. त्या गोंगाटात मी गुडघ्यात तोंड खुपसून पोटातला सगळा खोकला काढून टाकायची. तासभर साठवलेला. मला तेव्हा वाटायचं, आपल्या सभेत लोक किती जोरात प्रार्थना करतात! दर गुरुवारी आवाज वाढतच चालला होता.

आईला माझा खोकला ठाऊक होता. दिवसा मी काय लपवणार? ती पंप द्यायची, छातीला तेल चोळायची, आणि बाबा घरी आले की सुरू व्हायची. "पोट्टी दिवसभर खोकून राहिली. दिवाळी आली. त्या बाईले काय सांगू?"

"साधा खोकला आहे. अवं, सभेत दोन तास बसते ती, एकदा तरी खोकलते काय? दम असता तर बसली असती?"

 ह्यावर आई माझ्याकडे संशयाने बघायची. मी दुसरीकडे बघायची. मला दोघांचाही राग यायचा. बाबांचा, कारण ते मोजून फक्त गुरुवारच बघत होते, आणि आईचा, कारण ती मला सरळ विचारत नव्हती. मी एका जागी बसेनाशी झाले. जेवताना उठायची, अभ्यासातून उठायची, उगाच गच्चीवर जायची. आईही तशीच. ती ट्रंक उघडायची, साड्या काढायची, घड्या घालून परत ठेवायची. घरातल्या सगळ्यांना कुठेतरी जायचं होतं आणि कुणी जागचं हलत नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या गुरुवारी शहरातल्या चर्चचे पाळकसाहेब आले. एरवी ते आमच्याकडे क्वचितच यायचे. शांत, हळू बोलणारे, इस्त्रीचे कपडे घालणारे गृहस्थ. बाबांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, त्यांच्यासमोर साक्ष पुन्हा द्यायची होती. बाबा बोलले, मी पुढे बसून लवंग चावत होते. छाती भरत चालली होती. मी मनात म्हणत होते, आता होईल, आता एकत्र प्रार्थना होईल. पण पाळकसाहेब शहरातले. त्यांना तो गोंगाट पसंत नसावा. ते म्हणाले, "अब हम शांत होकर प्रभु के सामने बैठें।" आणि खोली खरंच शांत झाली. इतकी, की बाहेरच्या ट्रकचा ब्रेक ऐकू आला.

मी थुंकी गिळली. परत गिळली. डोळ्यांत पाणी आलं, कान गरम झाले. मग मी उठले आणि वाकून, लोकांच्या पायांमधून वाट काढत स्वयंपाकघरात पळाले. आई चहाचं आधण बघत होती. मी तिच्या पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्यात खोकले. खोकताना मला उभं राहता येईना. तिने मला धरलं, पदर तोंडातून ओढायला लागली, मी तो सोडेना.

"अवं सोड! खोक ना! काहून दाबून राहिली?"

मी मान हलवली. बाहेर बोट दाखवलं.

"काय? कोणाले भेते तू?"

श्वास आल्यावर मी एवढंच म्हणाले, "बाबा झूठे हो जाएँगे।"

एरवी मी हिंदीत उत्तर दिलं की आई मला टोकायची, मराठीत बोल म्हणून. त्या दिवशी टोकलं नाही. तिने गॅस बंद केला. माझं तोंड ओल्या हाताने पुसलं, पंप घेतला, तिथेच मला ओढायला लावला. मग माझा हात धरून ती मला बाहेर घेऊन गेली. सगळे डोळे मिटून बसले होते. आई सभेत कधी बोलायची नाही. ती चहा करायची. ती सतरंजीच्या कडेला उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "अहो. खूण मागाची होती तर स्वतःच्या छातीची मागाची. पोरीच्या छातीची काहून मागतली?"

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पंपाकडे. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पाळकसाहेबांनी घाईने आशीर्वादाची प्रार्थना केली आणि चहा न घेता निघाले. त्यांना दोष नाही. अशा वेळी काय बोलायचं ते कुणालाच शिकवलेलं नसतं.

तो आठवडा वाईट गेला. बाबा माझ्याशी बोलायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. एका संध्याकाळी मी अभ्यास करत होते, ते शेजारी येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं, "पाऊस थांबला तेव्हापासून."

"दर गुरुवारी?"

मी मान हलवली. ते रडले. आवाज न करता, गुडघ्यावर कपाळ टेकून. मला वाटलं, मी आता खरंच त्यांना खोटं पाडलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आई माझ्या फिरवायची तसा.

दिवाळी झाली. पुढचा गुरुवार आला. मला वाटलं होतं सभा होणारच नाही, पण लोक आले, नेहमीपेक्षा जास्तच आले. काय घडलं ते सगळ्या चाळींना कळलं होतं. बाबांनी ढोलक काढलं नाही. ते उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले की मला माझी गवाही परत घ्यायची आहे. कुणीतरी म्हणालं, "भैया, ऐसा मत बोलो।" बाबा थांबले नाहीत. मुलगी बरी झालेली नाही, ते म्हणाले. पाऊस होता म्हणून चार दिवस बरं वाटलं. मला इथे राहायचं होतं, म्हणून मी देवाच्या तोंडी माझं म्हणणं घातलं. आणि ते खरं ठेवायला हे लेकरू तुमच्यासमोर श्वास दाबून बसत होतं. मग ते माझ्याकडे वळले, आणि मराठीत म्हणाले, "पोट्टे, खोक. जितकं येते तितकं खोक."

सांगून काय खोकला येतो? मला लाज वाटत होती. सगळे बघत होते. पण घसा तयारच होता. मी लवंग थुंकली आणि खोकले, उघड्या तोंडाने, भर खोलीत, पहिल्यांदा. माझा खोकला संपत आला तसा मागून कुणीतरी खोकलं. मला वाटलं, मला धीर द्यायला. मग डाव्या हाताला एक म्हातारा खोकला, आणि त्याला थांबवेना. मग माझी मैत्रीण, दोन्ही हात जमिनीवर टेकून. तिची आई. कडेवरचं बाळ. भट्टीवर काम करणारे दोघे धिप्पाड भाऊ. बघता बघता सगळी खोली खोकत होती. छातीच्या तळातून येणारे, जुने, भरलेले खोकले. कुणी पदर लावत नव्हतं, कुणी बाहेर जात नव्हतं.

आवाज कमी झाल्यावर मैत्रिणीची आई डोळे पुसत म्हणाली, "हव भैया, हमू मन खाँसी ला दबा के बइठत रहेन।" म्हणजे, आम्हीही दाबूनच बसायचो. ज्या घरात देवाने दमेकरी मुलगी बरी केली, त्या घरात खोकायचं कसं? आपला विश्वास कमी, असं लोकांना वाटलं असतं. सगळ्यांनी तीच वेळ शोधून काढली होती, एकत्र प्रार्थनेची. एवढ्या जोरात चालणारी आमची ती प्रार्थना निम्मी खोकलाच होती.

त्या दिवशी बाबांनी खूण मागितली नाही. त्यांनी लोकांना विचारलं, आम्ही जाऊ का? कुणी जा म्हणालं. त्या भट्टीवाल्या भावांपैकी धाकटा म्हणाला, "आप तो जा सकते हो।" त्याने ते टोमण्याने म्हटलं नव्हतं, पण ते तसं लागलं. बाबा रात्री जेवताना आईला म्हणाले, "सगळ्यांची छाती भरली आहे. मी एकट्या आपल्या पोरीले उचलून कसा जाऊ?"

आई म्हणाली, "सगळ्यांले नेता येत नाही म्हणून हिलेबी ठेवाचं?" आणि थोड्या वेळाने, भात वाढता वाढता, "मी त्या बाईले हो म्हणून बसली. डॉक्टरकडून आलो त्याच आठवड्यात. तुमचा देव तुम्हाले कधी सांगन, याची वाट पाहून राहिली होती."

 बाबा हसायला लागले. खूप दिवसांनी हसले. आई नाही हसली.

आम्ही नाताळाच्या आधी गेलो. सामान थोडंच होतं, भिंतीवरून काढायचं काही नव्हतंच. टेम्पोत मी शिलाई मशीनला धरून मागे बसले. मैत्रीण चाळीच्या पायरीवर उभी होती. तिने हात केला आणि मध्येच तिला खोकला आला, म्हणून तिने तो हात तोंडावर नेला. मी तिला तशीच शेवटची पाहिली. नंतर ते लोक ओडिशाच्या बाजूला कामाला गेले असं बाबांनी सांगितलं, पुढे काही कळलं नाही. देवाने आम्हाला तिथून काढलं असं आमच्यातले नातेवाईक म्हणतात. म्हणोत. मी ते वाक्य उच्चारत नाही, कारण मग ती पायरीवर का राहिली, ह्याचं उत्तर मला द्यावं लागेल, आणि ते माझ्याकडे नाही.

तात्यापाऱ्यात पोचल्यावर आईने चूल मांडायच्या आधी खिळा ठोकला. घरमालकीण खालून ओरडली, "अरे वहिनी, पहिल्याच दिवशी?" दोन वर्षांत माझा पंप सुटत गेला. गुरुवारची सभा मैत्रिणीच्या चाळीत भरू लागली, आणि बाबा शिफ्ट सुटल्यावर तिकडेच थांबायचे, सभा आटपून घरी यायचे. निवृत्त होईपर्यंत एक गुरुवार चुकवला नाही. ह्या सगळ्या वर्षांत त्यांची स्वतःची छाती भरली. आता जिना चढताना ते मध्येच बसतात, मी बसायची त्याच पद्धतीने, एक हात कठड्यावर ठेवून. स्वतःच्या छातीची खूण मागायची होती, हे सभेत म्हटलेलं वाक्य आईने पुन्हा कधी काढलं नाही. मलाही काढू दिलं नाही.

रविवारी मी दोघांना शहरातल्या चर्चमध्ये नेते. तिथे साक्षीची वेळ येते. कुणी उठून सांगतो, देवाने मला ह्याच नोकरीत ठेवलंय, ह्याच घरात राहा म्हणून सांगितलंय, सहन कर म्हणून सांगितलंय. चर्च एकदम शांत होतं. माझी चुळबुळ सुरू होते. बाबा त्या माणसाकडे बघत नाहीत. ते त्याच्या बाकावर बसलेल्या बायकोकडे, लेकरांकडे बघतात, एकेकाकडे, नीट. आणि मग त्या शांततेत ते मोठ्याने खोकतात. आजूबाजूचे लोक वळून बघतात, कुणी कपाळाला आठ्या घालतं, आई त्यांच्या हातात पाण्याची बाटली देते. ते बाटली घेतात, पण पीत नाहीत. आणखी कुणी खोकतं का, त्याची वाट बघत बसतात.